वर खुली खाण, खाली भूमिगत: प्लॅनिंगमधल्या या चुका टाळा

निवृत्त होऊन नाशकात आलो, तरी खाणींचे नकाशे काही सुटत नाहीत. सारूळच्या दगडखाणीत उभा कापलेला काळा बेसाल्ट बघत मोठी झालेली पोरं नोकरीला लागतात आणि 'सर, जरा नजर टाका' म्हणत लॅपटॉप घेऊन घरी येतात. खुल्या खाणीखाली भूमिगत खाण काढायची असली की त्यांच्या चुका ठरलेल्या.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पाण्यावरून. विदर्भातल्या एका मँगनीज खाणीवर आमचा क्राउन पिलर, म्हणजे वरच्या खड्ड्याचा तळ आणि खालचा स्टोप (खनिज काढल्यावर उरणारी पोकळी) यांच्यामध्ये राखलेला खडक, कागदावर भक्कम होता. त्यातून तीन जुनी बोअरहोलं गेली होती. ती सिमेंटने भरलीत, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा. जूनच्या दुसऱ्याच पावसात रात्रपाळीच्या फोरमनचा फोन आला, "साहेब, छतातून नळ सुटलाय." माणसं सुखरूप वर आली, पण दोन पंप बुडाले आणि स्टोप दिवाळीपर्यंत बंद राहिला. खालच्या पंपांचा हिशोब नुसत्या झिरप्यावर केलेला! अहो, आठ हेक्टरच्या खड्ड्यात 100 मिलिमीटर पाऊस पडला की 80 लाख लिटर पाणी होतं. दुतोंड्या मारुतीकडे बघून गोदेचा पूर जोखणाऱ्या गावातल्या पोरांना हे मी सांगावं? 1975 मध्ये चासनालाच्या कोळसा खाणीत जुन्या कामांत साठलेलं पाणी घुसून 375 माणसं गेली.

तेव्हापासून मी आधी बोअरहोलचं रजिस्टर मागतो. भरल्याची नोंद नसेल तर ते भोक उघडं, वाद नाही. आणि वरचा सम्प, म्हणजे पाणी गोळा करायचा खड्डा, पिलरच्या डोक्यावर कधीच नाही.

दुसरी चूक घाईची. सॉफ्टवेअरला फक्त खुल्या खाणीचा खर्च द्यायचा, बटण दाबायचं आणि येईल तो खड्डा शेवटचा मानायचा. शेवटच्या बेंचांसाठी, म्हणजे खड्ड्याच्या सगळ्यात खालच्या पायऱ्यांसाठी, एक टन खनिजामागे दहा टन माती-दगड उचलायचा असेल, तर तेच खनिज खालून काढणं स्वस्त पडतं का, हे कोण बघणार? मी तेवढे बेंच हाताने, कागदावर तपासतो. पोरं हसतात. हसू देत. आणि 'वरचं संपलं की खालचं बघू' हेही नको. डेक्लाइन, म्हणजे खाली उतरणारा तिरपा बोगदा, खणायला वर्षं जातात. राजस्थानात रामपुरा आगुचाची खुली खाण 2018 मध्ये थांबली, पण भूमिगत काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

वरच्या आणि खालच्या सर्व्हेचा बेंचमार्क, म्हणजे मोजमापाचा मूळ संदर्भबिंदू, एकच ठेवा.

जुन्या बोगद्यांची तोंडं खड्ड्यात उघडली की खालची हवा पळते. ती बंद करा.

वरचे सुरुंग आणि खालची पाळी यांचं वेळापत्रक एकच हवं. तेही फळ्यावर, खडूने, मोठ्या अक्षरात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, खाली रेंज नसते.