बुरशी लागलेली दूरदर्शनची कॅसेट वाचवायची कशी

‘कॅसेटला पांढरं काहीतरी लागलंय, दोन तास उन्हात ठेवली तर चालेल ना?’ हा प्रश्न मला दर पावसाळ्यानंतर कोणी ना कोणी विचारतं. नाही, चालणार नाही. उन्हात कॅसेटचं प्लॅस्टिक वाकतं, आतली फीत ताणली जाते आणि बुरशी जिथल्या तिथे राहते. तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगणारे, फ्रीजमध्ये ठेवायला सांगणारे, हेअर ड्रायर मारायला सांगणारे, या सगळ्यांनी एकदा माझ्याकडे येऊन व्हीसीआरचं हेड, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारा भाग, साफ करून दाखवावं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं, पण कोकणातल्या डोंगराआडच्या कितीतरी वाड्यांत चित्र कधी धड पोचलंच नाही. मग चाकरमानी लालबाग-परळच्या खोलीत कार्यक्रम व्हीसीआरवर उतरवून घ्यायचे आणि गणपतीला यष्टीने कॅसेट गावी न्यायचे. गावचा जाखडीचा, म्हणजे कोकणातल्या लोकनृत्याचा, फड टीव्हीवर आला, तो गावाने असाच पाहिला. स्टुडिओत टेप महाग, त्यामुळे जुनं पुसून त्याच टेपवर नवं रेकॉर्ड करायची पद्धत होती. असे बरेच कार्यक्रम तिथे उरलेच नाहीत. पुढे काटकसर आणि जुनं तंत्रज्ञान ही कारणं देऊन प्रसार भारतीने अँटेनावर चालणारे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या जागांवरचे पन्नासेक सोडून बाकीच्यांसाठी ३१ मार्च २०२२ ही मुदत होती. डीडी फ्री डिशवर वाहिन्या दिसतात, नाही असं नाही. पण छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीचा तुमच्या तालुक्याचा अर्धा तास त्यावर लागणार नाही. तो असलाच तर कोणाच्या तरी माळ्यावर, साडीच्या खोक्यात आहे.

कॅसेट गोळा करा, लावून बघू नका

मंडळाच्या खोल्या, गावचं घर, बंद पडलेली व्हिडिओ लायब्ररी, लग्नाचं शूटिंग करणारे जुने लोक, सगळीकडे विचारा. हातात येताच कॅसेटच्या पाठच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. लेबलचा मोबाइलवर फोटो काढा.

व्हीसीआर चोर बाजारात मिळतो, लॅमिंग्टन रोडलाही कोणाकडे ना कोणाकडे पडलेला असतो. नवा शोधू नका. शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. शक्यतो दोन घ्या: एक चांगला, एक मेला तरी चालेल असा.

बुरशी

इथे घाई करायची नाही. मी केली होती. मंडळाच्या खोलीतली एक कॅसेट, खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेवर पिठासारखी पांढरी नक्षी. मला वाटलं, फुंकर मारून चालेल. चांगल्या मशीनमध्ये घातली. चित्र आलं, मिनिटभरात मुंग्या यायला लागल्या, मग कर्र आवाज आणि फीत तुटून ड्रमभोवती, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याभोवती, गुंडाळली गेली. फडातला एक पोरगा उडी मारायला वाकला होता, नेमका तिथे चाळीसेक सेकंदांचा चुरगळा झाला. एवढ्यावर भागलं नाही. त्याच मशीनमध्ये मी लागोपाठ आणखी तीन कॅसेट लावल्या, हेड खराब झालं असेल म्हणून तपासायला. त्या तिन्ही स्वच्छ होत्या. मशीनमध्ये राहिलेली बुरशी मी माझ्या हाताने त्यांना लावली.

तेव्हापासूनचा क्रम असा. आधी वाळवणं. ओली बुरशी चिकट असते, पुसायला गेलात तर फितीवर पसरते. वाळली की तिची पूड होते आणि झटकन निघते. हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल घाला आणि कॅसेट उभी ठेवा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर आत टाका. मुंबईत जुलैमध्ये खोलीत ऐंशीच्या वर टक्के सहज असतात. डब्यात आकडा चाळिसाच्या खाली यायला हवा आणि तिथे निदान दोन आठवडे राहायला हवा. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळं करा, पण ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका. आठ दिवसांत झालं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. २६ जुलैच्या पुरात भिजलेली एक कॅसेट माझ्याकडे आली होती. तिला दीड महिना लागला.

मग उघडणं. एन-९५ मास्क लावा, गॅलरीत बसा, पंखा बंद. पंख्याखाली केलंत तर पूड घरभर होईल आणि शेजारच्या शेल्फवरच्या कॅसेटवरही बसेल. कॅसेट पालथी घालून पाच स्क्रू काढा, दोन्ही भाग हाताने घट्ट धरून परत सुलटी करा आणि मगच वरचं झाकण उचला. झाकण उचलताच मोबाइलवर फोटो. फीत कुठल्या खुंटीच्या कुठल्या बाजूने जाते, हे तुम्हाला पाठ आहे असं वाटतं. दहा मिनिटांनी आठवत नाही. पुढच्या फडकीची बारीक स्प्रिंग उडते, म्हणून मी खाली पांढरा पंचा अंथरतो.

गुंडाळीच्या दोन्ही कडा धागे न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. चष्मा पुसायचं कापड चालतं, कापूस नाही. फितीला अल्कोहोल लावू नका. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट तर नाहीच, त्यात पाणी असतं. फीत रिकाम्या चाकावर गुंडाळताना ती घडी केलेल्या कापडामधून जाऊ द्या. मी जुन्या रिवाइंडरचं, म्हणजे फीत मागे गुंडाळायच्या यंत्राचं, झाकण काढून हे करतो, कापड दोन बोटांत धरून. दर मिनिटाला कापडाची घडी बदला. एका तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर फीत असते, त्यामुळे अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

आणि फीत परत जुन्या कवचात घालू नका. त्याच्या कोपऱ्यांत, ब्रेकच्या फटीत पूड राहतेच. एखादी टाकाऊ पण स्वच्छ कॅसेट उघडा, तिचं कवच वापरा आणि लेबल असलेलं जुनं कवच पिशवीत बंद करून वेगळं ठेवा.

पुसलेली कॅसेट आधी त्या ‘मेला तरी चालेल’ मशीनमध्ये एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. नंतर चांगल्या मशीनमध्ये. प्रत्येक कॅसेटनंतर हेड साफ करायचं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं शामॉयचं चामडं ड्रमला टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम वरून बोटाने फिरवायचा. चामडं वर-खाली घासलंत तर हेडचं टोक तुटतं आणि तो व्हीसीआर गेला. इअरबडचाही धागा तिथेच अडकतो. हेड क्लीनिंग कॅसेट नावाचा प्रकार मी वापरत नाही, इतकंच सांगतो.

कॅप्चर

म्हणजे कार्यक्रम संगणकात उतरवून घेणं. सोपं आहे. चांगल्या मशीनमध्ये पहिल्याच वेळी लावताना रेकॉर्डिंग चालू असू द्या. दुसऱ्यांदा फीत तेवढी चांगली चालेलच असं नाही. पाल पद्धत, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत) तसंच ठेवा. डीव्ही स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी लागतात. स्वस्त यूएसबी कॅप्चरमध्ये तासाभराने ओठ आणि आवाज यांची फारकत होत असेल, तर मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा. त्यातून सिग्नल गेला की तो बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. मोबाइलसाठीची छोटी एमपी४ नंतर बनवा, मूळ फाइल मात्र तशीच.

जाहिराती कापू नका. हे मी ओरडून सांगतो, कारण कापणारे फार. निवेदिकेची उद्घोषणा, मध्येच आलेलं ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’, साबणाची जाहिरात, शेवटी राहिलेली बातम्यांची दोन मिनिटं, तारीख यातूनच लागते. कोपऱ्यात सह्याद्रीचं बोधचिन्ह असेल तर रेकॉर्डिंग २००० च्या आधीचं नाही, एवढं तर लगेच कळतं.

यूट्यूबवर चढवायची घाई मात्र नको. आपल्या कायद्यात प्रसारणाचा हक्क पुढच्या वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षं असतो, पण आतल्या कार्यक्रमाचा, गाण्यांचा हक्क वेगळा आणि जास्त काळाचा. आधी जपा, मग विचारा.

प्रती आणि नावं

तीन प्रती: एक घरी, एक दुसऱ्या उपनगरात कोणाकडे, एक गावी. हार्ड डिस्कही सिलिका जेलच्या डब्यात. वर्षातून एकदा लावून बघायची, मी दसऱ्याला बघतो.

शेवटचं काम गावातच होतं. गणपतीत शाळेच्या खोलीत लावा, वही घेऊन बसा आणि जे जे चेहरे दिसतील त्यांची नावं म्हाताऱ्यांकडून उतरवून घ्या: कोण नाचतंय, ढोलकी कोणाची, वाडी कुठली. दर वर्षी नावं सांगणारे कमी होतात, तेव्हा हे पुढच्या वर्षावर टाकू नका. आमच्याकडे लावलं तेव्हा एक तात्या मध्येच म्हणाले, ‘थांबव जरा. इथे माझा भाऊ उडी मारतो, ती कुठे गेली?’

तो चुरगळलेला तुकडा माझ्याकडे पाकिटात आहे. तुमचा तुटला तर तुम्हीही फेकू नका, सेलोटेपने तर मुळीच जोडू नका. व्हिडिओची स्प्लायसिंग टेप वेगळी मिळते, आणि तीसुद्धा फितीच्या पाठच्या बाजूनेच लावायची.