हुकूम शुक्रवारी, सुटका सोमवारी

सांगलीत मी २७ वर्षं वकिलांकडं कारकुनी केली. वकीलपत्रं भरायची, तिकिटं चिकटवायची, नकला काढायच्या, घाबरलेल्या पक्षकाराला चहा पाजायचा. एवढं करून सख्ख्या भाच्याच्या जामिनात मीच घोळ घातला. तो घोळ तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

भांडण बांधावरचं. तासगाव तालुक्यात अक्काची द्राक्षबाग आहे, शेजाऱ्यानं तारेचा खांब आत सरकवला, शिवीगाळ झाली आणि नेमका भाच्याच्या हातात विळा होता. बुधवारी रात्री नऊला अक्काचा फोन, "पोराला नेलं रे."

अशा वेळी घरातले आधी पुढाऱ्याला फोन लावतात. दाजींनीही लावला. त्यात जे दोन तास जातात, त्यात तीन गोष्टी कळून घ्या: माणूस कुठल्या ठाण्यात आहे, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कुठली. अटकेचं कारण आरोपीला सांगणं आणि घरच्यांना कळवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळं विचारताना ओशाळू नका. एफआयआर बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर चढवलेली असते. महिलांवरच्या अत्याचारासारखे नाजूक गुन्हे तिथं दिसत नाहीत.

सगळं पुढं कलमावर चालतं. हाताबुक्क्यांनी मारलं तर भारतीय न्याय संहितेचं ११५(२), ते जामीनपात्र. विळा लागला की ११८(१), ते अजामीनपात्र. गावात अजून जुन्या दंडविधानातले ३२४, ३०७ हेच आकडे तोंडात आहेत, पण १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना ही नवी संहिता लागते आणि ३०७ चं आता १०९ झालंय. अजामीनपात्र ऐकून अक्का मटकन खालीच बसली. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा होत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, ठाण्यातूनही सुटता येतं. अजामीनपात्रमध्ये ते कोर्टाच्या मर्जीवर. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देऊन बोलवावं, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ सालीच सांगितलंय. तशी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस हातात पडली असेल तर हजर राहा, आणि जायच्या आधी वकिलाला दाखवा. नोटीस घडी घालून देवघरात ठेवणारे मी बघितलेत.

एक फरक लक्षात ठेवा. नुसती त्याच सुरक्षा संहितेच्या १२६ किंवा १७० ची चॅप्टर केस, म्हणजे भांडण होऊ नये म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाई, असेल तर प्रकरण तहसीलदारांपुढं जातं. कोर्टाच्या दारात बसून काही उपयोग नाही.

आता वकील. अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं. रविवार असला तरी रिमांडचं, म्हणजे आरोपीची कोठडी ठरवणारं, कोर्ट असतं. म्हणजे तुमच्या हातात एक रात्र. तेवढ्यात राज्यातला सगळ्यात मोठा वकील शोधायचा नसतो. ज्या कोर्टात रिमांड होणार, त्या कोर्टात रोज फौजदारी कामं चालवणारा हवा. आमच्या घरचा वकील वाटपाच्या दाव्यातला वाघ, पण रिमांडला त्याला पाठवणं म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरला दाढ काढायला लावणं. त्यानं स्वतःच दुसऱ्याचं नाव दिलं, भला माणूस. तुमच्या ओळखीत असा कुणी नसेल तर बाररूमबाहेर टायपिंगवाल्याला, मुद्रांकवाल्याला विचारा: "रिमांडची कामं जास्त कोण करतं?" दोघातिघांनी एकच नाव घेतलं की समजा. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळं जो स्वतःहून ठाण्याच्या पायरीवर कार्ड घेऊन येतो त्याच्यापासून दोन पावलं लांब. "साहेब आपल्यातलेच, जामीन फिक्स" म्हणणाऱ्यापासून दहा.

फी ठरवताना नुसता आकडा विचारू नका. ती कशाची ते विचारा: फक्त जामिनाची, चार्जशीटपर्यंतची, की निकालापर्यंतची? जामीन नाकारला तर सेशनला, म्हणजे सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात, अर्ज करायची फी वेगळी का? हायकोर्टाची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, सांगली-साताऱ्याच्या लोकांची मुंबईची रात्रीची गाडी वाचली.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे. अटकेत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील म्हणून नाक मुरडू नका. त्यातले काही जण महिन्यात जेवढे रिमांड करतात तेवढे काही खाजगीवाले वर्षात करत नाहीत.

रिमांडला काय होतं? पोलीस पीसीआर मागतात, म्हणजे पोलीस कोठडी, आरोपी तपासाला त्यांच्याकडं. तो संपला किंवा मिळाला नाही की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, जेल. जामिनाचा अर्ज बहुतेक एमसीआर झाल्यावर देतात, त्यावर सरकारी वकील आणि तपासी अंमलदाराचं म्हणणं येतं, ज्याला आम्ही 'से' म्हणतो, आणि मग हुकूम. पोलिसांकडून मारहाण झाली असेल तर पोरानं मॅजिस्ट्रेटला तिथंच तोंडानं सांगावं. बाहेर आल्यावर सांगून फार उशीर होतो. आणि गंभीर प्रकरणात दिवस मोजत राहा: गुन्ह्याप्रमाणं ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण चार्जशीट यायच्या आत अर्ज टाकावा लागतो.

भाच्याचा हुकूम शुक्रवारी दुपारी साडेचारला झाला. १५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीचं स्वतःचं बंधपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. पेढे आणायला दाजी निघालेसुद्धा. जामीनदार म्हणून मी चुलतभावाला, बापूला, उभं केलं होतं. आधार, रेशनकार्ड, दोन फोटो, सातबारा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. कागद तपासणाऱ्या बाईंनी सातबारा उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाल्या, "हे कोण?" सातबाऱ्यावर 'बापू ज्ञानू', आधारवर 'रामचंद्र ज्ञानदेव'. वर उतारा आठ महिन्यांचा जुना. २७ वर्षं मी दुसऱ्यांच्या पिशव्या तपासल्या आणि घरची पिशवी न उघडता नेली. पाच वाजले. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. पोरगं तीन रात्री जास्तीच्या जेलात.

म्हणून जामीनदाराची पिशवी अटकेच्या दुसऱ्याच दिवशी तयार करा, हुकूमाची वाट बघू नका. ताजा सातबारा (डिजिटल सहीचा १५ रुपयांत मोबाईलवर निघतो), आठ अ, नसेल शेत तर घरपट्टीची पावती, मागितला तर तहसीलचा ऐपतीचा दाखला. नावं अक्षर न् अक्षर जुळवा. सामाईक खात्याचा किंवा सोसायटीच्या मोठ्या बोजाचा उतारा असला तर दुसरा जामीनदार राखीव ठेवा. आणि वकिलाला सांगून अर्जातच मागून घ्या: जामीनदार मिळेपर्यंत रोख रकमेवर सोडावं. बरीच कोर्टं मुदत देऊन परवानगी देतात. मी ते मागायचं विसरलो. पर जिल्ह्यातला माणूस अडकला असेल तर स्थानिकच जामीनदार हवा हा हट्ट नको असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सुचवलंय, ते वकिलाकडून मांडून घ्या. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर माणूस निर्धन धरून त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे.

बंधपत्र झालं तरी सुटकेचा कागद जेलात पोचावा लागतो, आणि संध्याकाळची मोजदाद होऊन बरॅक बंद झाली की उद्यावर. सांगलीचं जेल म्हणजे १९४३ साली वसंतदादा जिथून निसटले ते. आमचा भाचा सोमवारी संध्याकाळी फाटकातून सरळ चालत आला, चप्पल हातात घेऊन, पट्टा तुटलेला.

हुकूमाची झेरॉक्स घरात ठेवा. त्यात अटी असतात: दर रविवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदाराच्या वाटेला जायचं नाही. तारीख चुकली तर वॉरंट निघतं, आणि जामीनदाराच्या पैशावर गदा येते. बापूला हे मी सही करायच्या आधी सांगितलं नव्हतं, सोमवारी सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "आता सांगतोस व्हय?" तेव्हापासून प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री मी आधी भाच्याला फोन करतो, मग बापूला.