फझी सस्पेन्शन घाटात का बिघडतं? या चुका टाळा

फझी सस्पेन्शन म्हणजे ‘वेग थोडा तर जोर थोडा’ अशा ढोबळ नियमांवरून कंट्रोलर ज्याला जोर देतो ते गाडीचं सस्पेन्शन. ते काम करेना की पहिला हात नियमांच्या तक्त्याकडे जातो. 9 नियमांचे 25 होतात, 25 चे 49, आणि गाडी तशीच उडत राहते. तक्ता सगळ्यात शेवटी उघडा. आधी इनपुटचा पल्ला बघा.

बॉडी आणि चाकामधल्या सापेक्ष वेगाचा पल्ला कुठल्याशा पेपरातून उचलून ±1 मीटर प्रति सेकंद ठेवलेला असतो. त्यात ‘शून्य’, ‘थोडा’, ‘जास्त’ असे वेगाचे गट दाखवणारे सात त्रिकोण बसवले की ‘शून्य’चा त्रिकोण ±0.33 पर्यंत पसरतो. बऱ्या डांबरी रस्त्यावर वेग ±0.15 च्या आतबाहेरच खेळत असेल, तर मधले मोजके नियम जागे आणि बाकीचे शोभेला. कंट्रोलर बंद ठेवून गाडी खऱ्या रस्त्यावर फिरवा, वाडीकडे जाणाऱ्या जांभ्याच्या कच्च्या वाटेवरसुद्धा. 95 टक्के नोंदी ज्या मर्यादेत बसतील तोच पल्ला धरा, त्यापलीकडचं टोकाला कापा. एवढं न करता थेट जेनेटिक अल्गोरिदम (उत्क्रांतीसारखी निवड करत आकडे आपोआप शोधणारी पद्धत) लावणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

दुसरी चूक घाटात उघडी पडते. बॉडीचा उभा वेग काढायला ॲक्सेलरोमीटरच्या (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरच्या) रीडिंगमधून गुरुत्वाचे 9.81 वजा करून सरळ इंटिग्रेट करतात, म्हणजे क्षणाक्षणाचं त्वरण बेरीज करत जातात. रत्नागिरीत सपाटीवर चाचणी झकास होते. मग गाडी आंबा घाटाला लागते. 4 अंशांच्या चढावर सेन्सरच्या अक्षावर गुरुत्व 9.786 च भरतं. फरक फक्त 0.024, पण 20 सेकंदांत तो साचून जवळजवळ 0.5 मीटर प्रति सेकंद होतो. बॉडी खाली कोसळतेय असं समजून कंट्रोलर तिला वर ढकलत सुटतो, सस्पेन्शन रिबाउंड स्टॉपला (पूर्ण ताणल्यावरच्या अडवणीला) जाऊन अडकतं आणि शिव्या खातो जोर पुरवणारा बिचारा पंप.

इंटिग्रेटर गळका ठेवा: 2 मिलिसेकंदांच्या सॅम्पलिंगला जुना वेग दर वेळी 0.998 ने गुणून मग नवीन भर घाला. कटऑफ (ज्याखालचे संथ बदल दबतात ती वारंवारता) 0.16 हर्ट्झच्या आसपास येतो आणि घाटातली चूक 0.024 मीटर प्रति सेकंदावरच थांबते. 1.2 हर्ट्झच्या बॉडी कंपनावर फेज (लहरीची वेळ) साधारण 8 अंश सरकते, ती चालवून घ्या.

पॉवर देण्याआधी बॉनेट हाताने दाबून सापेक्ष वेगाचं चिन्ह तपासा. उलटं चिन्ह म्हणजे शॉक ॲबसॉर्बरचं काम उलटं.

बॉडीचं त्वरण घटलं म्हणून हुरळू नका. टायरवरचा भार आणि सस्पेन्शनचा प्रवास त्याच आलेखावर काढा.

40 किलोचं चाक आणि 1,80,000 न्यूटन प्रति मीटर कडकपणाचा टायर असेल, तर 10.7 हर्ट्झला रस्त्यामुळे येणारं बॉडीचं त्वरण ॲक्च्युएटर (सस्पेन्शनमध्ये जोर लावणारा भाग) बदलूच शकत नाही. तिथे गेन (जोराचा गुणक) वाढवून झटू नका.

आणि मे महिन्यात नीट चाललेला सेन्सर जुलैत उड्या मारायला लागला, तर लॅपटॉप नको, कनेक्टर उघडा. खाऱ्या दमट हवेने पिना हिरव्या पडलेल्या असतात. साफ करा, सिलिकॉन ग्रीस भरा, वायर खालून वर चढेल अशी बांधा.