फ्रेशर ते टेक लीडर : वाटेतल्या या चुका टाळा

"पाच वर्षं झाली, आता तरी लीड करायला हवं होतं." अप्रेझलच्या महिन्यात हिंजवडीच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत ट्रेनी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, सीनिअर इथवरच्या पायऱ्या बऱ्याच अंशी वर्षांच्या हिशेबाने मिळतात. त्यापुढे तो हिशेब चालत नाही. मग विचारलं जातं ते असं : गेल्या वर्षात तुमच्यामुळे कोणती गोष्ट वेगळी झाली? एखादं डिझाइन बदललं का, एखादं काम करायचंच नाही असं ठरलं का, कुणी सांगण्याआधी एखादी अडचण तुम्ही अंगावर घेतलीत का? उत्तरादाखल फक्त बंद केलेली तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी नि कामं) आठवत असतील, तर पदनाम बदलेलही, काम तेच राहील.

सपोर्ट मिळाला म्हणून कपाळाला हात लावणं

कॅम्पसमधून आलेल्या अनेकांच्या वाट्याला पहिला प्रोजेक्ट प्रॉडक्शन सपोर्टचा, म्हणजे वापरात असलेली सिस्टीम सांभाळण्याचा येतो. मित्राला डेव्हलपमेंट मिळालेलं असतं आणि मन खात राहतं. पण सिस्टीम मोडते कशी, हे पाहायला याहून चांगली जागा नाही. लॉगनी, म्हणजे सिस्टीम स्वतः लिहीत जाते त्या नोंदींनी, डिस्क भरते. वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत नेमकी रविवारी पहाटे संपते. डेटाबेसची कनेक्शनं संपतात आणि सगळं ॲप गोठतं. लाखभर ओळींवर सुरळीत चालणारी क्वेरी कोटभर ओळी झाल्यावर मान टाकते. पुढे नवं डिझाइन मांडताना हे सगळं ज्याने पाहिलंय तोच योग्य ठिकाणी हात वर करतो.

चूक होते ती सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद करण्यात. तोच बिघाड पुन्हा आला की एक पान लिहा : काय घडलं, काम किती वेळ बंद होतं, मूळ कारण काय, ते कायमचं मिटवायला किती दिवस लागतील. कुणाच्या हातून झालं ते लिहू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही. असं पान मॅनेजरमार्फत क्लायंटपर्यंत जातं. (त्यावर कधी कधी मॅनेजर स्वतःचं नाव टाकतो. मग पुढचं पान आधी टीमच्या ग्रुपवर टाकावं आणि मग त्याला पाठवावं.)

दर दीड वर्षाला उडी

पगार वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुण्यात फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्याला निष्ठेचं प्रवचन देऊ नये. तोटा वेगळाच आहे : आपण केलेलं डिझाइन वापर दसपट वाढल्यावर टिकतं की कोसळतं, हे अशा माणसाला कधी दिसतच नाही. निदान एक तरी सिस्टीम जन्मापासून तिच्या तिसऱ्या वर्षापर्यंत सांभाळावी.

सत्या नडेला १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि २०१४ मध्ये सीईओ झाले. सुंदर पिचाई २००४ मध्ये गूगलमध्ये आले तेव्हा त्यांच्याकडे ब्राउझरच्या टूलबारचं काम होतं. क्रोम २००८ मध्ये आला आणि सीईओपद २०१५ मध्ये. दोघांनी पुढचं शिक्षण अमेरिकेत घेतलं, तेव्हा ही जशीच्या तशी गिरवण्याची वाट नव्हे. पण "मी कम्प्युटर ब्रांचचा नाही" म्हणून मागच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी एवढी नोंद असू द्या : पिचाईंची खरगपूर आयआयटीतली पदवी धातुशास्त्रातली, तर नडेलांची मणिपालची पदवी इलेक्ट्रिकलची.

पदवी मिळाल्या मिळाल्या एमबीएकडे धावणंही असंच. नडेलांनी शिकागोमधून एमबीए केलं ते मायक्रोसॉफ्टमध्ये काम करता करता. पोटात चार-पाच वर्षांचा अनुभव असला की त्या वर्गात विचारायला स्वतःचे प्रश्न तरी असतात.

लीड झाल्यावर सगळं स्वतःच करणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. टीममधला सर्वांत चांगला कोड लिहिणारा लीड होतो आणि अवघड काम स्वतःकडेच ठेवतो. "समजावत बसण्यापेक्षा मीच करतो, लवकर होईल." त्या दिवशी खरंच लवकर होतं. पण सहा महिन्यांनी त्याच्या रिव्ह्यूसाठी (कोड तपासून घेण्यासाठी) सगळ्यांचे बदल रांगेत उभे असतात, दिवस मीटिंगांत जातो, कोड रात्री अकरानंतर सुरू होतो, आणि तो गणपतीला गावी गेला की रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती वापरात आणणं, पुढे ढकलावा लागतो. मोदकात अर्धं लक्ष आणि फोनमध्ये अर्धं, अशी त्याची सुट्टी.

ही लक्षणं दिसली की आधी एक नियम घालून घ्यावा : ज्या कामावर रिलीज अडलाय ते लीडने स्वतःकडे ठेवायचं नाही. हात चालू ठेवायचा तर टेस्ट, छोटी टूल्स, एखादी कल्पना पडताळायचा कच्चा नमुना एवढं घ्यावं. अवघड काम दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला द्यावं आणि तारीख कळवताना त्याच्या शिकण्याचे दिवस धरावेत. रिव्ह्यूमध्ये त्याचा कोड स्वतः लिहून देऊ नये. "हीच रिक्वेस्ट दोनदा आली तर पैसे दोनदा कापले जातील का?" एवढं विचारून थांबावं. प्रसूतीच्या रजेवरून परतलेल्या सहकारिणीला काही न विचारता हलकं काम देणारे लीडही पुष्कळ. तिला झेपेल की नाही, हे तिलाच विचारावं.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. कोड उघडणंच सोडतात आणि एक्सेल व स्टेटस मेलवर दिवस काढतात. दोन वर्षांत टीम त्यांना तांत्रिक प्रश्न विचारणं थांबवते.

तारीख हुकू लागली की वरून "आणखी चार जण देतो" असं येतं आणि नवा लीड खूश होतो. आयबीएमच्या सिस्टीम/३६० च्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. पाच जणांत आपसात बोलणाऱ्या जोड्या होतात १०, दहा जणांत ४५. शिवाय नव्यांना केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती) द्यायला जुनीच माणसं जुंपावी लागतात. अशा वेळी माणसं मागण्याऐवजी काम कमी करून मागावं.

त्याचीच बहीण म्हणजे "होऊन जाईल, सर" ही सवय. तीन आठवड्यांत सगळं होणार नाही हे टीममध्ये प्रत्येकाला ठाऊक असतं, मीटिंगमध्ये मात्र सगळे माना डोलावतात. तीन आठवड्यांत हे दोन भाग, पाच आठवड्यांत चारही, असं मांडलं तर समोरच्याला निवडता येतं. मराठी माध्यमातून आलेल्यांची इथे इंग्रजीमुळे जीभ अडखळते. त्यावर उपाय लिहिण्यात आहे. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी अर्ध्या पानात मुद्दे मेल करा. दुसऱ्या दिवशी चर्चा त्या अर्ध्या पानावरच होते आणि बोलावं कमी लागतं.

हाताखाली किती माणसं?

लग्नाच्या बायोडेटापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना याच आकड्यात रस. म्हणून माणसं सांभाळण्याची मुळीच आवड नसलेलेही मॅनेजर होतात. प्रॉडक्ट कंपन्यांत स्टाफ इंजिनिअर, प्रिन्सिपल इंजिनिअर, आर्किटेक्ट अशी समांतर वाट असते आणि तिथला पगार मॅनेजरच्या तोडीचा असू शकतो. तुमच्या कंपनीत ती वाट कागदावरच आहे की तिच्यावरून कुणी खरंच वर गेलंय, हे आधी पाहून घ्या.

एवढं करूनही बढती अडली, तर "मी कुठे कमी पडतो?" असं मोघम विचारू नका. "पुढच्या पदावरचा माणूस जे करतो, त्यातलं मी आज काय करत नाही?" असं विचारा आणि जे उत्तर मिळेल ते मेलवर मांडून पाठवा. दोन अप्रेझल तेच उत्तर मिळालं तर आधी कंपनीतच दुसरा प्रोजेक्ट मागा, मग बाहेर बघा. राजीनाम्यानंतर नोटीस पिरियड बहुधा ९० दिवसांचा असतो आणि त्याच काळात काउंटर ऑफर, म्हणजे थांबण्यासाठी कंपनीचा नवा प्रस्ताव येतो. तो नुसत्या पैशाचा असेल तर सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच असाल. कामच बदलून मिळत असेल, तर नवं काम कुठल्या तारखेपासून आणि जुनं कुणाकडे जाणार, हे लेखी घेऊन मगच राजीनामा मागे घ्या.