लाकडी रोलर कोस्टरला नवी गाडी बसवताना या चुका टाळा

जुन्या लाकडी रोलर कोस्टरला नवी गाडी येणार अशी बातमी आली की आपल्याकडची कोस्टरवेडी मुलं खूश होतात. आता पाठ वाचली, मान वाचली, असं त्यांना वाटतं. मी रबाळे एमआयडीसीत चाकांवर पॉलियुरेथेन (पीयू) चढवण्याचं काम करतो. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टसाठी चाकं विचारायला येतात. त्यांतली काही कोस्टरच्या गाडीचं डिझाइन घेऊन येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "काका, गाडीखाली सस्पेन्शन टाकलं की धक्के जातील ना?"

नाही जाणार. धक्का गाडी आणि रूळ यांच्या जोडीतून येतो. एकच बाजू बदलली तर तो क्वचितच जातो. कधी जागा बदलतो, कधी काही महिन्यांनी परत येतो.

सस्पेन्शनचा प्रश्न मुलांना लोकलवरून सुचतो आणि तो स्वाभाविक आहे. ट्रान्स-हार्बरच्या मार्गावर जुनी गाडी आणि नवी गाडी यांतला फरक बसल्या बसल्या कळतो, कारण नव्या गाड्यांच्या बोगीत हवेच्या स्प्रिंगा असतात. पण लोकलचं वजन कायम खालीच दाबत असतं. कोस्टरचा डबा उताराच्या तळाशी रुळावर जोरात दाबला जातो आणि टेकडीच्या माथ्यावर वर उचलला जातो. म्हणून त्याला तीन प्रकारची चाकं असतात: भार पेलणारी वरची, बाजूने धरणारी, आणि रुळाच्या खालून धरून ठेवणारी. खालच्या चाकांचं पेटंट कोस्टरचे अमेरिकन डिझायनर जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं आणि त्यानंतरच लाकडी कोस्टर खरे उंच, तीव्र झाले. रूळ असा तिन्ही बाजूंनी धरलेला असताना डबा स्प्रिंगवर मोकळा डोलू दिला तर चाकांची फट प्रत्येक वळणावर बदलेल. त्यामुळे पारंपरिक लाकडी कोस्टरच्या डब्यांना लोकलसारखं सस्पेन्शन नसतं. थोडी लवचीकता रबर किंवा पीयूच्या तुकड्यांतून देता येते, त्याहून फार जास्त नाही.

धक्का कुठला, ते न ओळखताच खर्च करणं

सगळ्यांत मोठी चूक ही आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

"राइड रफ झाली" ही तक्रार निदानाला पुरत नाही. पायाखाली आणि सीटमधून सतत बारीक थरथर येत असेल तर चाकाचा पृष्ठभाग, बेअरिंग किंवा रुळावरची पोलादी पट्टी तपासा. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्या. सगळ्यांत वरच्या फळ्या थोड्या रुंद असतात, म्हणजे त्यांच्या बाहेर आलेल्या कडेखालून तिसरं चाक धावू शकतं. चाकांच्या वाटेवर पोलादी पट्टी बसवलेली असते. तिचा सांधा वर आला, स्क्रू ढिला झाला की चाक टकटक वाजू लागतं.

एकाच ठिकाणी, प्रत्येक फेरीत, प्रत्येक डब्यात एकच जोरदार आपट बसत असेल तर दोष बहुधा रुळाचा आहे. तिथल्या फळ्या दबल्या असतील, खालचा आधार खचला असेल किंवा बोल्ट सैल झाले असतील. लाकूड ओलावा पितं, फुगतं, वाळतं, आकसतं. असं प्रत्येक वेळी फुगताना-आकसताना बोल्टची पकड थोडी कमी होते. उताराच्या तळाशी आणि वळणाच्या सुरुवातीला हे सगळ्यांत आधी दिसतं, कारण भार तिथे सगळ्यांत जास्त.

डबा डावी-उजवीकडे आपटत चालला असेल तर बाजूच्या चाकांची फट आणि रुळाचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) मोजा. फट जास्त असेल तर डबा एका रुळावरून दुसऱ्यावर आदळतो. कमी असेल तर चाक घासतं, तापतं आणि रूळ बाहेर ढकलतं. पुढे-मागे हिसका बसत असेल तर डब्यांमधली जोडणी, चढणीची साखळी धरणारा आकडा आणि ब्रेक पाहा.

माझा साधा नियम आहे. धक्का जागेला चिकटलेला असेल तर रूळ, डब्याला चिकटलेला असेल तर गाडी, आणि ठराविक जागी ठराविक डब्यातच बसत असेल तर दोघांची जोडी. हे ठरवायला गाडीवर ॲक्सेलरोमीटर (धक्के मोजणारं उपकरण) बसवून नोंद घेतात. अशा मोजमापाची पद्धत एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ२१३७ या मानकात दिलेली आहे. गाडी बदलण्याआधीची नोंद जपून ठेवा. ती नसेल तर नव्या गाडीने नक्की काय सुधारलं, हे कधीच सांगता येणार नाही.

रूळ तसाच ठेवून फक्त गाडी बदलणं

फ्लोरिडातल्या बुश गार्डन्स टॅम्पामध्ये ग्वाझी नावाचा जुळा लाकडी कोस्टर १९९९ मध्ये सुरू झाला. पुढे तो फार आदळू लागला. २०११ मध्ये त्याच्यावर नव्या मिलेनियम फ्लायर गाड्या आणल्या. त्या उत्तम गाड्या आहेत, त्यांच्या बनावटीबद्दल पुढे लिहितो. तरी २०१२ मध्ये एक बाजू बंद झाली आणि २०१५ मध्ये पूर्ण राइड. शेवटी रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने त्याच सांगाड्यावर पोलादी रूळ टाकला आणि २०२२ मध्ये आयर्न ग्वाझी म्हणून तो परत आला.

आता कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मचा घोस्टरायडर पाहा. १९९८ चा, सुमारे ३६ मीटर उंच. तोही हाडं खिळखिळी करणारा म्हणून बदनाम झाला होता. २०१५ मध्ये बंद करून त्याच्या रुळाचं काम संपूर्ण नव्याने केलं, सोबत त्याच प्रकारच्या मिलेनियम फ्लायर गाड्या घेतल्या, आणि २०१६ च्या जूनमध्ये तो उघडला तेव्हा लोक त्यावर परत प्रेम करू लागले. गाडी दोन्हीकडे त्याच जातीची. माझ्या मते निकालात जो फरक पडला तो रुळाने पाडला. बजेट अपुरं असेल तर मी आधी रूळ घेईन आणि गाडी पुढच्या वर्षी.

लाकडी रूळ तुकड्यातुकड्यानेही बदलता येतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा सायक्लोन १९२७ पासून उभा आहे. इतकी वर्षं लाकडी कोस्टर चालतो तो अशा दुरुस्तीच्या जोरावरच.

डब्याची लांबी गृहीत धरणं

मुलांच्या ड्रॉइंगमध्ये मला हमखास दिसतो तो लांब डबा. एका डब्यात जास्त माणसं, कमी चाकं, कमी खर्च. सरळ रुळावर हे चालतं. वळणावर गणित उलटतं.

दोन आसांमधलं अंतर २ मीटर आणि वळणाची त्रिज्या १२ मीटर धरा. डबा सरळ असतो, रूळ वाकलेला असतो. त्यामुळे डब्याचा मध्य रुळाच्या मध्यापासून सुमारे ४२ मिलिमीटर आत सरकतो. तेच अंतर १ मीटर केलं तर हा आकडा सुमारे १० मिलिमीटरवर येतो. अंतर निम्मं, सरकणं चौथाई. चाक रुळाला ज्या कोनाने भिडतं तोही सुमारे ४.८ अंशांवरून २.४ अंशांवर येतो. कोन मोठा असेल तितकं चाक रुळाला घासून ढकलतं, रूळ झिजतो आणि प्रवाशाचा खांदा बाजूच्या पत्र्यावर आपटतो.

मिलेनियम फ्लायरमध्ये एका डब्यात एकच रांग, दोन माणसं. पुढच्या डब्याला दोन आस आणि मागचे डबे पुढच्याला टेकून ट्रेलरसारखे ओढले जातात. गाडी वळणाबरोबर वळत जाते. चाकं आणि सांधे वाढतात, देखभाल वाढते. रोज सकाळी तपासायला तेवढे हात नसतील तर ही गाडी घेऊ नये.

नवी गाडी जास्त मोकळी धावेल, हे विसरणं

ताजी बेअरिंग, गोल चाकं, वळणावर कमी घर्षण. म्हणजे नवी गाडी त्याच उतारावरून जास्त वेगाने तळाशी पोहोचणार. वेग १० टक्के वाढला की वळणातलं बल २१ टक्के वाढतं. २० मीटर त्रिज्येच्या तळाशी ताशी ७२ किलोमीटर वेगाला प्रवाशावर सुमारे ३ जी येतात, ताशी ७९ ला सुमारे ३.५ जी. साठ किलोच्या माणसाला सीटवर १८० ऐवजी २१० किलो वजन जाणवेल, आणि रुळालाही तेवढाच जास्त दाब. हे होतं तेव्हा लोक म्हणतात, नवी गाडी जुनीपेक्षा वाईट. गाडी चांगली असते, तिच्यासाठी ब्रेकचं सेटिंग बदललेलं नसतं.

चाचणीही अर्धवट होते. सकाळी रिकामी गाडी चार वेळा फिरवली आणि झालं! पाण्याने भरलेले पुतळे किंवा वाळूच्या गोण्या घालून पूर्ण भरलेली गाडी, अर्धी भरलेली गाडी, फक्त पुढचे डबे भरलेली गाडी, सगळं फिरवा. सकाळी ग्रीस गार असतं, दुपारी गाडी सुसाट धावते. दुपारची चाचणी चुकवू नका.

वजनाचा हिशोब सांगाड्याला न विचारणं

ओहायोच्या किंग्ज आयलंडमध्ये २००० साली सन ऑफ बीस्ट उभा राहिला. ६६ मीटर उंच, लाकडी कोस्टर असून उभा लूप, आणि त्यासाठी वजनदार गाड्या. ९ जुलै २००६ रोजी सांगाड्यातलं लाकूड तुटलं, रुळात खळगा पडला आणि त्यावरून गेलेल्या गाडीतले २७ जण जखमी झाले. त्यानंतर लूप काढला, हलक्या गाड्या आणल्या आणि २००७ मध्ये राइड परत सुरू केली. २००९ मध्ये ती पुन्हा बंद पडली, २०१२ मध्ये पाडली. हलकी गाडी आणणं हा निर्णय बरोबर होता, पण जड गाड्यांनी आधीची वर्षं त्या लाकडावर काढली होती. गाडी निवडताना रिकामं वजन पाहू नका. भरलेलं वजन, एका चाकावर येणारा भार आणि तो ज्या खांबांवर पडणार त्यांची आजची अवस्था पाहा.

चाकांची निवड कॅटलॉगवरून करणं

लाकडी कोस्टरवर परंपरेने पोलादी चाकं असतात. पीयू लावलं की आवाज आणि बारीक थरथर कमी होते, त्याबद्दल वाद नाही. पण पीयू फिरताना आतून तापतं. मऊ पीयू आरामदायी, पण गाडी ओढून धरतं आणि लवकर तापतं. कडक पीयू मोकळं धावतं, धक्का कमी गिळतं. जास्त तापलं की पीयू आणि धातू यांची पकड आतून सुटते. बाहेरून चाक ठीक दिसतं, मग एके दिवशी सालपट निघून येतं. म्हणून चाकाला बोटाने वाजवून पाहण्याची, कडेला बारीक चीर शोधण्याची सवय लावा.

आपल्या हवेसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पॉलिएस्टर जातीचं पीयू झिजेला चांगलं, पण गरम, दमट हवेत पाण्यामुळे हळूहळू खराब होतं. पॉलिइथर जातीचं पाण्याला टिकतं. ठाण्याच्या खाडीकाठी कुठलीही राइड चालवायची असेल तर मी पॉलिइथरच घ्यायला सांगेन. ते ओततानाही पावसाळ्यात काळजी घ्यावी लागते, कच्च्या मालात ओलावा शिरला तर आत बुडबुडे राहतात. आणखी एक: गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी राहिली तर चाक खालून चपटं होतं आणि मग पहिल्या फेऱ्या धडधडत जातात. बंद काळात गाडी उचलून ठेवा, नाहीतर रोज थोडी पुढे सरकवा.

जाड गादी म्हणजे आराम, असं समजणं

जाड, मऊ फोम स्टेशनवर छान वाटतो. लॅप बार (मांडीवरची दांडी) फोम दाबून घट्ट बसतो. पहिल्या टेकडीवर माणूस वर उचलला जातो, फोम फुगतो, बार सैल वाटू लागतो आणि खाली येताना माणूस आपटतो. पातळ, दाट फोम आणि प्रत्येकाला वेगळा बार हे जास्त चांगलं. सीटच्या कडा कानाच्या उंचीला कडक असतील तर त्या आधी बदला.

ब्रेकबद्दल थोडक्यात. जुने ब्रेक खालून फळी वर करून गाडी अडवतात, नवे ब्रेक गाडीखालची पाती पकडतात. पात नसलेली गाडी नव्या ब्रेकवर थांबणार नाही. साखळीचा आकडा, मागे न घसरू देणारे दात, प्लॅटफॉर्मचे गेट आणि रांगांचं अंतर, दुरुस्तीच्या बाजूच्या रुळाची लांबी, हे सगळं ऑर्डर देण्याआधी जुळवा.

बसणाऱ्यांसाठी

मे महिन्याच्या सुट्टीत अमेरिकेतल्या मुलाकडे जाणारे बरेच आई-बाबा ठाण्यातून, वाशीतून निघतात आणि नातवंडांच्या हट्टाने लाकडी कोस्टरमध्ये बसतात. खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो पोलादी रुळावर धावते. लाकडी राइड तशी गुळगुळीत नसते आणि तिने तसं असावं असं मला वाटतही नाही. थोडी थरथर, लाकडाचा आवाज, टेकडीवर पोटात पडणारा खड्डा हीच तर तिची मजा आहे.

डब्यात तीन रांगा असतील तर मधली घ्या, ती चाकांच्या थेट वर नसते. शेवटचा डबा माथ्यावरून सगळ्यांत जोरात खेचला जातो, पहिल्या वेळी पुढच्या भागात बसा. पाठ टेकवा, हात दांडीवर ठेवा पण कोपर ताठ करू नका, नजर समोर ठेवा म्हणजे वळण येण्याआधी मान तयार होते. मणक्याचा, मानेचा, हृदयाचा त्रास असेल, गर्भारपण असेल तर पाटीवरची सूचना पाळा, कोणी कितीही आग्रह केला तरी. चष्म्याला दोरी लावा.

आणि दुखलं तर तिथल्या ऑपरेटरला नुसतं "खूप लागलं" सांगून निघू नका. कितवा डबा, कुठली रांग, दुसऱ्या उताराच्या तळाशी की शेवटच्या वळणावर, डावा खांदा की पाठ, हे सांगा. त्यांच्या मेकॅनिकला दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका तोच बोल्ट शोधायचा असतो.