सिरिंज पंपाची बॅटरी बदलताना

गुरुवार होता. सिंहगड रोडवरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात लाईट गेली, जनरेटर लागायला वेळ लागला आणि आयसीयूतला एक सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने पेशंटला देणारं मशीन) बंद पडला. स्क्रीनवर बॅटरी फुल दिसत होती. सिस्टर शेजारीच होत्या, म्हणून औषध लगेच दुसऱ्या पंपावर चढलं. ती बॅटरी दोन महिन्यांपूर्वी मीच बदलली होती. रजिस्टरवर सही माझी.

पंप उघडला. कंपनीच्या मूळ बॅटरी पॅकला तीन वायरी असतात. तिसरी थर्मिस्टरची, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या भागाची; सेल तापले की पंप तिच्यावरून चार्जिंग थांबवतो. मी बसवलेल्या पॅकमध्ये थर्मिस्टरच्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर डकवलेला, ज्याची किंमत तापमानानुसार बदलत नाही. सेल कितीही तापोत, पंपाला ते कायम २५ अंशच वाटणार. वरची निळी स्लीव्ह कोरी, आतल्या सेलच्या टोकांवर मात्र आधीच्या वेल्डिंगचे डाग, म्हणजे सेल वापरलेलेच.

विक्रेता म्हणाला, "मॅडम, व्होल्टेज तेच, साईझ तीच." पंपाची कंपनी म्हणाली, बॅटरी आमची नाही, जबाबदारीही नाही. मधे उरले मी.

तेव्हापासून पार्ट नंबर मी सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घेते. जुन्या बॅटरीवरून घेऊ नका, तीही कुणीतरी बदललेली असू शकते. केमिस्ट्री, म्हणजे बॅटरीचा रासायनिक प्रकार, तर बदलूच नका. हलकी म्हणून लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बसवतात, पण आतला चार्जर लेडसाठी केलेला असतो. मूळ बॅटरी मिळत नसेल तर पर्यायी चालेल का, हे कंपनीकडून ईमेलवर घ्या. फोनवरचं "चालून जाईल" धरू नका. उत्तर येईपर्यंत मी तो पंप आयसीयूबाहेर ठेवते, मॅनेजमेंट कितीही कुरकुरलं तरी. वायरी, कनेक्टर मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतूनच आणते. पेशंटच्या मशीनची बॅटरी मात्र बिलावर पार्ट नंबर असल्याशिवाय घेत नाही.

बसवल्यावर पूर्ण चार्ज करा, सिरिंजमध्ये पाणी भरा, ताशी ५ मिलीवर पंप लावा आणि प्लग काढा. मॅन्युअलमधले तास भरले पाहिजेत, बंद पडण्याआधी लो-बॅटरी अलार्म वाजलाच पाहिजे. नुसता मल्टिमीटर लावून भागत नाही; लोड नसताना थकलेला सेलही व्होल्टेज बरोबर दाखवतो. किती वेळ चालला ते मिनिटांसकट लिहा, खाली तुमची आणि इन्चार्ज सिस्टरची सही.

जुना पॅक घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. टर्मिनलवर टेप लावा आणि डीलरकडे परत द्या.