वेठबिगारांची सुटका: हद्दीच्या वादात या चुका टाळा

रायगडमधलं एखादं कातकरी कुटुंब उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) घेऊन कर्नाटकात कोळसाभट्टीवर जातं. तिथे अडकतं, कुणीतरी कळवतं, तहसीलदार पोलिसांसह येतात आणि कुटुंब सुटतं. त्याच रात्री टेम्पोत बसवून त्याला गावी धाडलं जातं. सगळ्यांना हायसं वाटतं. खरा घोळ इथेच होतो.

मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, द्यायचं ते जिथे मजुराला राबवलं तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा प्रांतांनी. पुनर्वसन बहुतेकदा मूळ गावी. कागद न घेता माणसं परतली की मूळ जिल्हा म्हणतो, ‘घटना आमच्या हद्दीतली नाही.’ तिकडचा म्हणतो, ‘माणसंच इथे नाहीत, जबाब कुणाचे घेऊ?’ गाडी निघण्याआधी प्रत्येकाच्या नावाचं प्रमाणपत्र मागा. कुटुंबाचं मिळून एक नको, नाहीतर बायकामुलांचा हक्क कागदावरून गायब होतो.

परत आलाच असाल तर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना एकाच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या. भट्टीचं ठिकाण, मुकादमाचं नाव, फोटो, फोनवरचे मेसेज, सगळं जोडा. मूळ जिल्ह्यात जबाब नोंदवून ते तिकडे पाठवावेत, अशी मागणी अर्जातच लिहा.

दुसरी चूक म्हणजे प्रकरण ‘मजुरीचा वाद’ म्हणून कामगार कार्यालयात ढकलू देणं. 1976च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात चौकशीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. किमान वेतनही न देता करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलं आहे.

‘आधी उचल फेडा’ असं साहेबांनी सांगितलं तरी फेडू नका. या कायद्याने ते कर्ज संपलेलं असतं. उलट वसूल करणाराच गुन्हेगार ठरतो. वेठबिगारीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करणं मालकाचं काम, तुमचं नाही. कर्जाची चिठ्ठी दाखवा म्हणणाऱ्याला याच कायद्याचं कलम 15 वाचायला लावा.

पोलीस ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यायला सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती तरतूद आहे.

आणि पैसे. केंद्राच्या योजनेत 30,000 रुपयांपर्यंतची तातडीची मदत आहे. ती खटल्याच्या निकालासाठी अडवता येत नाही. पुढचे एक, दोन किंवा तीन लाख मात्र आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेले आहेत, आणि त्या निकालाची तारीख विचारायला मजुराने पुन्हा कर्नाटकात जायचं, स्वतःच्या भाड्याने.